हायड्रॉलिक खोदयंत्राची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती : रचना, गणित आणि अध्यापनमूल्य

सारांश

बांधकामाच्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या खोदयंत्राची तेलाच्या दाबावर चालणारी लहान प्रतिकृती तयार करणे हा वरकरणी छंदाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात अशा प्रतिकृतीत द्रवयांत्रिकी, यंत्ररचना, इलेक्ट्रॉनिक्स आणि कर्मशाळेतील हस्तकौशल्य या चारही बाबी एकत्र येतात. यंत्राचा आकार लहान केल्यावर बल, दाब, गळती व घर्षण एकाच प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे प्रतिकृती ही मूळ यंत्राची केवळ नक्कल राहत नाही, तर तिचा नव्याने हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब प्रस्तुत लेखात २० टन वर्गातील यंत्र आणि १:१४ हे प्रमाण घेऊन स्पष्ट केला आहे. महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून या विषयाचे मूल्य काय, याचाही विचार शेवटी केला आहे.

१. प्रस्तावना

मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्या दरम्यान असलेल्या ठाकुर्लीचा यंत्रांशी जुना संबंध आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या विद्युत गाड्यांना वीज पुरविण्यासाठी येथील चोळा परिसरात वीजगृह उभारण्यात आले होते. आज ते बंद आहे. मात्र जुन्या इमारतींचा पुनर्विकास, रस्तारुंदीकरण आणि रेल्वेची कामे यांमुळे खोदयंत्रे हे या परिसरातील नित्याचे दृश्य झाले आहे. यंत्र काम करू लागले की त्याच्याभोवती बघ्यांची गर्दी जमते. २०१९ मध्ये तर जेसीबीच्या खोदकामाच्या चित्रफिती हा समाजमाध्यमांवर देशभर विनोदाचा विषय झाला होता. विनोदाचा भाग सोडला तरी लोखंडाचा एवढा मोठा हात इतक्या सहजपणे कसा हलतो, हे कुतूहल त्यामागे आहेच.

या कुतूहलाला एक गंभीर बाजूही आहे. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्ली येथे जुनी इमारत कोसळून जीवितहानी झाली. अशा दुर्घटनेत ढिगारा उपसताना यंत्राची ताकद जितकी महत्त्वाची असते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याचे नियंत्रण महत्त्वाचे ठरते. काँक्रीटचा तुकडा हळूहळू उचलता येणे आणि उचललेल्या जागी तो स्थिर धरून ठेवता येणे यांवर खाली अडकलेल्या माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात. हायड्रॉलिक यंत्रणेत हे नियंत्रण कोठून येते, हे समजून घेण्याचे एक उत्तम साधन म्हणजे प्रतिकृती होय.

२. यंत्राचे नाव आणि पूर्वपीठिका

मराठी बोलीत मागे खोदणारा हात व पुढे माती भरणारे खोरे असलेल्या चाकांच्या यंत्राला 'जेसीबी' आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या, सभोवार फिरणाऱ्या खोदयंत्राला 'पोकलेन' म्हणतात. ही दोन्ही मूळची कंपन्यांची नावे आहेत. फ्रान्समधील पोकलेन कंपनीने १९५१ मध्ये आपले पहिले हायड्रॉलिक खोदयंत्र तयार केले. भारतात लार्सन अँड टुब्रो कंपनीने पोकलेनच्या तंत्रज्ञानावर आधारित यंत्रे बनविली आणि ते नाव येथे सामान्यनाम होऊन बसले. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे भारतातील उत्पादन १९७९ पासून हरियानातील बल्लभगड येथे सुरू झाले. प्रस्तुत लेखात 'खोदयंत्र' हा शब्द पोकलेन या प्रकारासाठी वापरला आहे.

हायड्रॉलिक यंत्रामागील तत्त्व सतराव्या शतकात पास्कलने मांडले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. म्हणून लहान दट्ट्यावरील अल्प बलाने मोठ्या दट्ट्यावर मोठे बल मिळते. तत्त्व माहीत असूनही त्याचा यंत्रात उपयोग होण्यास बराच काळ जावा लागला. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाला हायड्रॉलिक दाबयंत्राचे एकस्व १७९५ मध्ये मिळाले. त्यातील खरी अडचण दाब निर्माण करण्याची नव्हती, तर दट्ट्याच्या कडेने होणारी गळती थांबविण्याची होती. दाबाबरोबर अधिक घट्ट बसणाऱ्या चामड्याच्या वाटीने ती सुटली. गळतीचा हाच प्रश्न पुढे लहान प्रतिकृतीत अधिक तीव्रतेने उभा राहतो.

३. सिरिंजचे यंत्र आणि खरे हायड्रॉलिक यंत्र

शालेय विज्ञान प्रदर्शनांत इंजेक्शनच्या सिरिंज, सलाईनची नळी व पुठ्ठा यांपासून बनविलेला 'जेसीबी' हमखास पाहावयास मिळतो. पास्कलचा नियम दाखविण्यासाठी तो उत्तम आहे. पदवी व पदविका स्तरावरही हेच साधन थोडे मोठे करून प्रकल्प म्हणून सादर केले जाते. तेथे मात्र एक मूलभूत फरक नजरेआड होतो.

सिरिंजच्या यंत्रात विद्यार्थी एक दट्ट्या जितका दाबतो, त्या प्रमाणात दुसरा दट्ट्या सरकतो. येथे हाताच्या स्थितीवरून यंत्राच्या बाहूची स्थिती ठरते. खऱ्या यंत्रात पंप सतत तेल पुरवीत असतो आणि चालक दांड्याने फक्त झडपेचे, म्हणजे व्हॉल्व्हचे, तोंड कमी-अधिक उघडतो. येथे दांड्याच्या स्थितीवरून बाहूची स्थिती नव्हे, तर बाहूची गती ठरते. दांडा मध्यावर आणला की व्हॉल्व्ह बंद होतो, तेल सिलिंडरमध्ये कोंडले जाते आणि बाहू आहे तेथेच थांबतो. चालकाला कोणत्याही क्षणी बाहू कोठे आहे हे डोळ्यांनी पाहूनच समजते. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर बाहूची स्थिती हे दांड्याच्या स्थितीचे कालसापेक्ष संकलन आहे.

बाजारात मिळणाऱ्या अनेक रेडिओ-नियंत्रित खोदयंत्रांत सिलिंडरसारखा दिसणारा भाग आतून विद्युत मोटरने फिरणारा आट्यांचा दांडा असतो. त्यात तेल नसते. असे खेळणे देखणे असले तरी हायड्रॉलिक यंत्राचा अनुभव देत नाही. जर्मनीसारख्या देशांत तेल, पंप व व्हॉल्व्ह असलेल्या कार्यक्षम प्रतिकृतींचा छंद चांगला रुजला आहे. डॉर्टमुंड येथील इंटरमॉडेलबाऊ या प्रदर्शनात अशा यंत्रांची छोटी बांधकामस्थळे मांडली जातात. जपानच्या तामिया कंपनीच्या ट्रकच्या प्रतिकृतींमुळे १:१४ हे प्रमाण या क्षेत्रात रूढ झाले आहे. म्हणून पुढील हिशेबासाठी तेच घेतले आहे.

४. प्रमाणाचे गणित

२० टन वर्गातील खोदयंत्राच्या मुख्य बाहूच्या म्हणजे बूमच्या सिलिंडरचा आतील व्यास साधारण १२० मिमी, दट्ट्याची धाव सुमारे १,२६० मिमी आणि तेलाचा कमाल दाब सुमारे ३५० बार असतो. अशा एका सिलिंडरचे क्षेत्रफळ ११३ चौ. सेंमी असून तो जवळजवळ ४० टन वजनाइतका जोर लावू शकतो.

हे यंत्र १:१४ प्रमाणात लहान केले तर लांबी १४ पटींनी, क्षेत्रफळ १९६ पटींनी आणि घनफळ व वजन २,७४४ पटींनी कमी होते. म्हणजे २० टनांच्या यंत्राची प्रतिकृती सुमारे ७.३ किलोग्रॅमची होईल. उचलावयाचे वजन २,७४४ पटींनी घटले, पण ते उचलणाऱ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १९६ पटींनीच घटले. साहजिकच आवश्यक दाब १४ पटींनी कमी होतो. ३५० भागिले १४ म्हणजे २५ बार. प्रतिकृतीत खऱ्या यंत्रासारखाच दाब हवा, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा गैरसमज या एका भागाकाराने दूर होतो. २५ बार दाब सहन करणारे भाग महाविद्यालयाच्या कर्मशाळेत बनविता येतात. ३५० बारचे बनविता येत नाहीत आणि बनवूही नयेत.

प्रमाणानुसार सिलिंडरचा व्यास ८.६ मिमी येतो. परंतु खऱ्या यंत्राचा १०-१२ मिमी जाडीचा पत्रा १४ पटींनी लहान केल्यास तो एक मिलिमीटरहूनही पातळ होतो. तो जोडताना वाकडा होतो, म्हणून व्यवहारात दीड ते दोन मिमी जाडीचा पत्रा घ्यावा लागतो आणि प्रतिकृतीचे वजन गणितापेक्षा बरेच वाढते. यावर उपाय म्हणून सिलिंडरचा व्यास १० मिमी घेणे सोयीचे ठरते. त्याचे क्षेत्रफळ ०.७८५ चौ. सेंमी असून २५ बार दाबाला तो सुमारे १९६ न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोग्रॅम वजनाइतका जोर देतो.

दट्ट्याचा दांडा ५ मिमी व्यासाचा घेतला तर दांड्याच्या बाजूचे क्षेत्रफळ ०.५८९ चौ. सेंमी, म्हणजे ७५ टक्केच उरते. म्हणून सिलिंडर ढकलतो त्यापेक्षा कमी जोराने ओढतो, पण तेवढ्याच प्रवाहात आत येण्याची त्याची गती एक-तृतीयांशाने अधिक असते. खऱ्या यंत्रातही असेच घडते. बूमचे सिलिंडर भार उचलताना ढकलतील अशा रीतीने का बसविलेले असतात, याचे उत्तर येथे मिळते.

५. पंप आणि शक्ती

सिलिंडरची धाव प्रमाणानुसार ९० मिमी. तो पूर्ण उघडण्यास सुमारे ७ घसेमी तेल लागते. बूमला दोन सिलिंडर असतात. बूम तीन सेकंदांत पूर्ण वर न्यावयाचा असेल तर मिनिटाला सुमारे २८० घसेमी तेल हवे. दुसरा बाहू किंवा बकेट त्याच वेळी हलवावयाची असल्यास मिनिटाला ४५० घसेमी प्रवाह पुरेसा ठरतो. एका फेऱ्यात ०.१५ घसेमी तेल ढकलणारा लहान दंतचक्र पंप मिनिटाला ३,५०० फेरे फिरविल्यास आतील गळती वजा जाता हा प्रवाह देऊ शकतो.

दाब (बार) गुणिले प्रवाह (मिनिटाला लिटर) भागिले ६०० केले की शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. २५ बार आणि ०.४५ लिटर यांवरून ती सुमारे १९ वॅट येते. पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता निम्मी धरल्यास बॅटरीतून ४० वॅटच्या आसपास शक्ती घ्यावी लागेल. २० टन यंत्राचे इंजिन सुमारे ११० किलोवॅटचे असते. त्यास २,७४४ ने भागले तरी ४० वॅट हेच उत्तर येते, हे लक्षणीय आहे. ११.१ व्होल्ट, ५,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीत सुमारे ५५ वॅट-तास ऊर्जा असते. त्यामुळे प्रतिकृती पूर्ण भारावर तासाभराहून थोडी अधिक चालू शकते.

६. जे लहान होत नाही : गळती, घर्षण आणि स्निग्धता

येथपर्यंत प्रमाणाचे गणित अनुकूल आहे. खरी कसोटी यापुढे लागते.

व्हॉल्व्हमधील सरकता दांडा, ज्यास स्पूल म्हणतात, आणि त्याचे भोक यांत काही मायक्रॉनची फट ठेवावी लागते. यंत्र १४ पटींनी लहान केले म्हणून ही फट १४ पटींनी लहान करता येत नाही. तसे काम कर्मशाळेतील लेथवर शक्यच नसते. फटीतून होणारी गळती फटीच्या उंचीच्या घनाच्या, तसेच दाबाच्या प्रमाणात वाढते. फट तीच राहिली आणि दाब १४ पटींनी घटला, तर गळतीही १४ पटींनीच घटते. कामासाठी लागणारे तेल मात्र, हालचालीचा वेळ तोच ठेवल्यास, २,७४४ पटींनी घटते. म्हणजे एकूण प्रवाहातील गळतीचा वाटा १९६ पटींनी वाढतो. मोठ्या यंत्रात दुर्लक्षिता येणारी गळती प्रतिकृतीत सगळा प्रवाह गिळून टाकू शकते.

हाच मुद्दा थेंबांच्या हिशेबानेही स्पष्ट होतो. १० मिमी व्यासाच्या सिलिंडरचा दट्ट्या एक मिलिमीटर सरकण्यास केवळ ०.०८ घसेमी तेल गळावे लागते. हे तेल म्हणजे जेमतेम दीड-दोन थेंब. सिलिंडर बाहूच्या मुळाशी जोडलेला असल्याने त्याचे एक मिलिमीटर सरकणे बकेटच्या टोकाशी कित्येक पटींनी मोठे दिसते. मोठ्या यंत्राच्या सिलिंडरला तेवढेच सरकण्यासाठी ११ घसेमी तेल गळावे लागते. उचललेला भार 'धरून ठेवणे' हे प्रतिकृतीत सर्वांत कठीण काम का आहे, हे यावरून ध्यानात यावे.

गळती थांबविण्यासाठी दट्ट्यावर रबरी ओ-रिंग बसविली जाते. तिच्यामुळे घर्षण वाढते. ओ-रिंगचे घर्षण स्थूलमानाने परिघाच्या प्रमाणात असते, तर दट्ट्याचा उपयुक्त जोर क्षेत्रफळ व दाब यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. परिणामी लहान सिलिंडरमध्ये घर्षणाचा वाटा वाढतो. ओ-रिंग घट्ट बसविली तर दट्ट्या अडखळत, झटके देत सरकतो आणि सैल बसविली तर तेल निसटते. सरकत्या जोडासाठी रिंग तिच्या जाडीच्या सुमारे १० टक्के दबेल अशी खाच ठेवणे हा मध्यममार्ग आहे. दोन मिमी जाडीच्या रिंगसाठी खाच १.८ मिमी खोल ठेवावी लागते. म्हणजे एक-दशांश मिलिमीटरची चूकदेखील येथे महाग पडते.

तिसरी बाब तेलाच्या स्निग्धतेची. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या तेलाच्या दाबातील घट नळीच्या आतील व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४० अंश सेल्सिअसला २२ सेंटिस्टोक स्निग्धतेचे तेल, ६० सेंमी लांब नळी आणि मिनिटाला २८० घसेमी प्रवाह घेतल्यास २ मिमी व्यासाच्या नळीत सुमारे १.३५ बार दाब खर्च होतो. हीच नळी १ मिमी व्यासाची घेतली तर ही घट १६ पट, म्हणजे २१ बारच्या पुढे जाते आणि २५ पैकी जेमतेम तीन-चार बार दाब कामासाठी उरतो. 'दिसायला प्रमाणबद्ध' म्हणून बारीक नळी निवडणारा प्रकल्प येथेच फसतो. मोठ्या यंत्रांत सामान्यतः वापरले जाणारे ४६ श्रेणीचे तेलही प्रतिकृतीत जड पडते. त्याऐवजी २२ किंवा त्याहून पातळ श्रेणीचे हायड्रॉलिक तेल योग्य ठरते.

७. रेडिओ-नियंत्रण

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे २००५ पासून परवान्याविना वापरता येतात. हातातील ट्रान्समीटरचा दांडा हलविला की रिसीव्हर सर्व्हो मोटरला साधारणपणे सेकंदाला ५० वेळा विद्युत स्पंद पाठवितो. स्पंदाची रुंदी १.५ मिलिसेकंद असता सर्व्होचा हात मध्यावर असतो. ती १ ते २ मिलिसेकंदांच्या दरम्यान बदलते तसा तो डावी-उजवीकडे फिरतो व व्हॉल्व्हचा स्पूल सरकवितो.

स्पूलच्या कडा काटकोनी असतील तर तो किंचित सरकताच तेलाचा लोंढा सुटतो आणि बाहू झटका देतो. कडेवर लहान त्रिकोणी खाचा पाडल्यास तेलाचा मार्ग क्रमाक्रमाने खुला होतो. ढिगाऱ्यातील तुकडा अलगद उचलणाऱ्या मोठ्या यंत्राचे कसबही अशाच क्रमाक्रमाने खुल्या होणाऱ्या मार्गावर अवलंबून असते. मोठ्या यंत्रांत पंपाचा प्रवाह गरजेनुसार बदलणारी यंत्रणा पंपातच असते. प्रतिकृतीत तेच काम मोटरची गती बदलून साधता येते : कोणताही दांडा हलला की मोटर वेग घेते, सर्व दांडे मध्यावर येताच ती मंदावते. बाहू फिरविण्यासाठी व पट्टे चालविण्यासाठी बहुधा साध्या गिअर मोटरी वापरतात, कारण लहान हायड्रॉलिक मोटरमध्ये वर सांगितलेली गळती आणखीच वाढते.

८. बांधणीतील दक्षता

सिलिंडरची नळी आतून होनिंग करून गुळगुळीत करावी, दांडा स्टेनलेस पोलादाचा घ्यावा. पंपानंतर लगेच ठरावीक दाबाला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि दाबमापक बसविणे अनिवार्य आहे. दट्ट्या शेवटास टेकल्यावर पंप चालूच राहिला तर दाब वाढून सर्वांत दुबळा जोड फुटतो. नायट्राईल रबराच्या ओ-रिंग असताना वाहनाचे ब्रेक ऑईल वापरू नये; त्यातील ग्लायकॉलजन्य द्रवाने हे रबर फुगते. जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळल्यास तिचे तुकडे सुटून स्पूल अडकतो. प्रथम सुरू करताना सर्व सिलिंडर बिनभाराने अनेकदा पुढेमागे करून हवा काढून टाकावी. तेलातील हवा दाबली जात असल्याने बाहू लवचीक झाल्यासारखा डोलतो.

चाचणीच्या वेळी डोळ्यांना संरक्षक चष्मा असावा. दाबाखालील गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. लिथियम-पॉलिमर बॅटरी देखरेखीशिवाय चार्ज करू नये.

९. अध्यापनमूल्य आणि शिफारशी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधिष्ठित व बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर दिला आहे. त्या दृष्टीने हा प्रकल्प एका विभागाच्या चौकटीत न ठेवता भौतिकशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी व इलेक्ट्रॉनिक्स या विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे इष्ट आहे. ठाकुर्लीलगतच्या डोंबिवली औद्योगिक वसाहतीत आणि परिसरातील लहान कर्मशाळांत लेथ व होनिंगचे काम जाणणारे कारागीर उपलब्ध आहेत. एक-दशांश मिलिमीटर म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला पुस्तकापेक्षा अशा कारागिराच्या शेजारी उभे राहून अधिक नेमके कळेल.

तयार प्रकल्प विकत आणून सादर करण्याची प्रवृत्ती शिक्षकवर्गास अपरिचित नाही. तिला आळा घालावयाचा तर मूल्यमापन दिसण्यावर नव्हे, तर मोजमापांवर आधारलेले असावे. त्यासाठी पुढील चार चाचण्या पुरेशा आहेत : (१) तेल नसताना दट्ट्या सरकविण्यास लागणारे बल ताणकाट्याने मोजणे, (२) ठरावीक भार उचलताना दाबमापकावर दिसणारा दाब आणि गणिताने आलेला दाब यांतील तफावत स्पष्ट करणे, (३) ट्रान्समीटरचा दांडा निम्मा व पूर्ण सरकविला असता बूमला लागणाऱ्या वेळांची तुलना करणे, (४) भार उचलून दांडा मध्यावर सोडल्यावर पाच मिनिटांत बकेट किती खाली येते ते मोजणे.

यांपैकी चौथी चाचणी सर्वांत बोलकी आहे. बकेट खाली आली म्हणून प्रकल्प अनुत्तीर्ण ठरवू नये. ती किती आली, तेल कोणत्या फटीतून निसटले आणि फट कमी केल्यास घर्षण किती वाढेल, हे जो विद्यार्थी आकड्यांनिशी सांगू शकेल, त्याला हायड्रॉलिक यंत्र समजले असे म्हणता येईल.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, यंत्र लहान केल्याने आवश्यक दाब कमी होतो आणि ते महाविद्यालयाच्या आवाक्यात येते. त्याच वेळी गळती, घर्षण व स्निग्धता यांचे महत्त्व अनेक पटींनी वाढते. मोठ्या यंत्राच्या निर्मात्याने जे प्रश्न विद्यार्थ्याच्या नजरेआड सोडविलेले असतात, ते प्रतिकृती त्याच्यासमोर मोठे करून मांडते. या अर्थाने लहान यंत्र हे मोठ्या यंत्राकडे पाहण्याचे भिंगच होय. इमारतीच्या ढिगाऱ्यावर पोकलेनचा बाहू अधांतरी स्थिर उभा असलेला पाहताना, त्या स्थैर्यामागे काही मायक्रॉनची फट आणि रबराची एक कडी आहे, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे तो विद्यार्थी पुढे अशा यंत्राची देखभाल अधिक जबाबदारीने करील, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.